चिनी बशांच्या मागची तार

हेडफोनमध्ये नुसती खरखर. नाना मागे उभे होते.

“आवाज?”

“नाही.”

“तारा जमिनीवर लोळत होत्या तेव्हा?”

“तेव्हा होता.”

नाना आमच्या अलिबागच्या वायरलेस दुकानाचे मालक. मला त्यांनी इंग्रजी कॅटलॉग वाचायला ठेवलं होतं. रेवदंड्याच्या या घरात परक्या पुरुषांना माजघर बंद, म्हणून फिटिंगचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं. जमलं तर पुढेही मिळणार होतं. नाहीतर पुन्हा कॅटलॉग.

घर हमीदभाईंचं. ते हौशी वायरलेसवाले. परसातल्या दोन माडांमध्ये त्यांनी एरियल ताणलं होतं, म्हणजे हवेतल्या लहरी पकडणारी तार. सेट पुढच्या बैठकीत. मधल्या माजघरात तारा पायांत यायच्या. त्यांच्या अम्मांनी बजावलं होतं, “आणखी एकदा अडखळले, तर यंत्र विहिरीत.”

म्हणून मी भिंतीत खाच पाडून सुती वेष्टणाची तार बसवली, वरून चुना-रेतीचा गिलावा. काम इतकं साफ झालं की मीच दोनदा हात फिरवून पाहिला. त्याला पंधरा दिवस झाले होते.

“भिंत फोड,” नाना म्हणाले.

दाराआडून अम्मा म्हणाल्या, “फोडून तर बघा!”

मी तारेची दोन्ही टोकं सोडवली. तार आणि जमीन यांच्यामध्ये बॅटरी आणि हेडफोन जोडला. वेष्टण धड असेल तर काही ऐकू येत नाही. मला स्वच्छ ‘टक’ ऐकू आलं. वीज भिंतीत झिरपत होती.

अम्मांनी गिलाव्याला हात लावला. “अजून ओली! रोज झाडताना हाताला गार लागतेच. रेती कुठली घातलीस गो?”

“समोरची. किनाऱ्यावरची.”

“एवढी इंग्रजी शिकलीस, आणि भिंतीला मीठ चारलंस?”

मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. ओल्या सुतातून लहरी सरळ जमिनीत जात होत्या. मला मान वर करवेना.

अम्मांनीच वर बोट केलं. माजघरभर उंचावर एक फळी होती, तिच्यावर अम्मांच्या सासऱ्यांनी बसऱ्याहून आणलेल्या चिनी बशा. त्यांना सुनांनीही हात लावायचा नाही. अम्मा स्टुलावर चढल्या.

“मी देते, तू धर. एक जरी फुटली...”

मी एकेक बशी गादीवर ठेवली. फळीमागे चिनीमातीच्या, वीज झिरपू न देणाऱ्या पांढऱ्या गुट्ट्या ठोकून त्यांवरून तार नेली, टोकं पुन्हा जोडली. मग बशा जागेवर. तार दिसेना.

“झालं का?” बाहेरून नाना.

“बशा मोजू द्या आधी!” अम्मा म्हणाल्या. सगळ्या भरल्या.

तेवढ्यात बैठकीतून हमीदभाई ओरडले, “अम्मा, जहाज बोलतंय!”

अम्मांनी ओढणीवरूनच हेडफोन चढवला. “ही टिकटिक ऐकायला माझी भिंत खोदलीत?” म्हणाल्या. पण हेडफोन लवकर काढला नाही.

निघताना नाना म्हणाले, “चौलला एक घर आहे. तूच जा.”

मी मान डोलावली. चौलला गेल्यावर पिशवी उघडण्याआधी मी एकच विचारलं: या भिंती कोण झाडतं?