सम्राटाचा जिवलग मित्र

"‘प्रियकर’ नको, ‘जिवलग मित्र’ लिवजो बाई. पोरं हासतीन," सर टायपिंगवाल्या ताईला म्हणाले.

सर भंडाऱ्यात स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतात. त्यांच्यासाठी मी इंग्रजी पुस्तकांतून इतिहासाच्या नोट्स मराठीत उतरवते. खांद्यावरच्या दुपट्ट्याने चष्मा पुसत राहायचं, बशीतला चहा थंड होऊ द्यायचा आणि प्रत्येक सन दुसऱ्या पुस्तकात ताडून पाहायचा, ही त्यांची पद्धत. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तरी एका गाइडात तो अजून भंडाऱ्यातच होता. ते पान त्यांनी वर्गासमोर टराटरा फाडलं. "जे झालं ते लिवा ना बाप्पा! आपल्या मनाचं कायले टाकता?" त्यांचा तो राग मला फार आवडला होता.

आजचं पान एका रोमन सम्राटाचं होतं. त्याचा तरुण प्रियकर नाईल नदीत बुडाला, तेव्हा सम्राटाने तिथे त्या तरुणाच्या नावाचं शहर वसवलं. पुरुषाने पुरुषावर प्रेम करावं याचं रोममध्ये नवल नव्हतं. पुढे कित्येक इतिहासकारांनीच लाजून त्या प्रियकराला मित्र करून टाकलं.

माझं जिच्यावर प्रेम आहे, तिलाही मी घरी मैत्रीणच म्हणते.

"काहून वं, थांबली? दे ना कागद तिले," सर मला म्हणाले. ताईची बोटं त्या शब्दावर थांबली होती.

एरवी मी मान हलवून कागद देऊन टाकते. आज तो घट्ट धरून ठेवला.

"सर, मित्रासाठी कोणी शहर वसवत नाही. तो प्रियकरच होता. जे झालं ते लिहा."