विमानं बघायला आम्ही दोघं जायचो

नित्याच्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

दीड तास आम्ही इंद्रायणीच्या घाटावर उभे होतो. उंबरावर चार-पाच कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ.

मी तसा हे मानणारा नाही. रोज तीन-तीन दहावे खाऊन कावळ्यांना अजीर्ण झालंय, असं शेजारच्याच्या कानात मीच म्हणालो.

पण उंबराकडे वर बघायची हिंमत होत नव्हती. कारण नित्याचं काय राहिलंय, ते तिथल्या पन्नास माणसांत एकट्या मला माहीत होतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. आज सांगून टाकतो.

नित्या म्हणजे नितीन. आमच्या वडिवळे गावचा, आमची घरं पाठीला पाठ. विमानांचं लय वेड. भाताच्या आवणीला गुडघाभर चिखलात उभा असायचा, हातात रोपांची मूठ, आणि ढगाआड आवाज आला की वर न बघता सांगायचा, चार इंजिनवालं हाय. ॲपवर बघितलं की बरोबर निघायचं.

महिन्यातून एक रविवार आम्ही दोघं मुंबईला.

विमानतळाच्या भिंतीबाहेर एक उंचवटा होता, तिथून रनवे दिसायचा. दर दोन मिनिटांनी एक विमान डोक्यावरून उतरणार, चाकं मोजता येतील इतकं खाली. नित्या दुर्बिणीतून शेपटीजवळचा नंबर वाचायचा, मी वहीत लिहायचो. नंबर, कंपनी, वेळ. कंटाळा आला की उलट, मी दुर्बीण आणि तो वही.

घरचे म्हणायचे, हा काय रिकामटेकडा धंदा. त्याला मात्र तिथंच नोकरी पाहिजे होती. पायलट वगैरे नाही. सामान चढवीन, पण विमानाला हात लावीन, एवढंच म्हणायचा.

एका रविवारी मी वडापाव आणायला गेलो. परत आलो तर दोन पोलीस. एकाच्या हातात दुर्बीण, दुसऱ्याच्या हातात वही.

आता विमानांच्या वेळा लिहिलेली वही बघून कुणालाही संशय येणारच. त्यांना तरी काय बोलणार?

नित्यानं माझ्याकडे बघितलं.

माझं तेव्हा सरकारी भरतीत नाव लागलं होतं. पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं.

मी वळलो. दोन वडापाव हातात घेऊन सरळ स्टेशनपर्यंत चालत गेलो. लाज वाटते सांगायला, पण गाडीत बसून दोन्ही खाल्ले.

संध्याकाळी त्याला सोडलं. केस नाही, फक्त नाव-पत्ता लिहून घेतला आणि वही ठेवून घेतली. एकटाच आलतो, असं सांगितलं त्यानं. वहीतलं अर्धं अक्षर माझं होतं, तरीसुद्धा.

सहा महिन्यांनी त्याला विमानतळावर लोडरची नोकरी लागली. लागली म्हणजे, आत जायच्या पासावर अडकली. ती जुनी नोंद निघाली. पास देणारे साहेब म्हणाले, वहीत दोन अक्षरं आहेत, तो दुसरा कोण त्याला आणा. छंद म्हणून यायचो असं त्यानं लिहून दिलं तर मिटवून टाकू.

माझं व्हेरिफिकेशन अजून झालं नव्हतं. नित्या आला नाही माझ्याकडे. त्याचे वडील आले. नाना.

"तू व्हतास ना रं त्याच्यासंगं?"

"न्हाई नाना. त्या रविवारी मी गेलो न्हवतो."

नानांनी पुन्हा विचारलं नाही. आईनं दिलेलं पाणी प्यायले आणि गेले.

पास मिळाला नाही.

नित्या तळेगावकडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागला. तीन शिफ्ट, बारा वर्षं. तिथंच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपला.

या बारा वर्षांत मी एकदाच विषय काढला. वडगावला, माझ्या सरकारी ऑफिसबाहेर.

तो म्हणाला, "तुझं काम झालं ना? मग बास." आणि दोन चहा सांगितले.

अरे, शिव्या घातल्या असत्यास तर सुटलो असतो मी! त्यानं मैत्री सोडली नाही. माझ्या पोरीच्या बारशाला पाळणा त्यानं आणला. मी मात्र रोज त्या खुर्चीत जाऊन बसतो आणि ती कशी मिळाली हे कुणाला सांगता येत नाही, बायकोलासुद्धा नाही.

तर दहाव्याला. नित्याच्या मेव्हण्यानं सांगून बघितलं, तुझ्या पोरीचं शिक्षण करतो. त्याच्या बायकोनं, सविता वहिनींनी, शब्द दिला, नानांना अंतर देणार नाही. कावळे ढिम्म.

मग नानाच मला म्हणाले, "तू बोल रं. तुझं ऐकंल त्यो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अगदी तोंडाशी आलं होतं. मी हात जोडले आणि म्हणालो, नित्या, काळजी करू नको, मी आहे.

मी आहे म्हणे. डोंबल!

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि उरकलं.

आज वर्षश्राद्धाची पंगत होती. नाना कमरेत वाकलेत, तरी स्वतः वाढत होते. माझ्या पानात खीर ओतत म्हणाले, तू त्याचा जिवलग, तू पोटभर जेवलास की त्याला पोचलं.

खीर तशीच टाकली. हात धुतो म्हणून उठलो, आणि आता धरणाच्या रस्त्याला गाडीत बसून हे टाइप करतोय. दोनदा डिलीट केलं.

सविता वहिनी, तुम्ही हे बघालच. नानांकडे साधा फोन आहे. त्यांना वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा, पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं तरी चालेल.

नाना, मी होतो त्याच्याबरोबर. तुमच्यासमोर बसून खोटं बोललो. तुमच्या पोराची नोकरी माझ्यामुळं गेली.

पोस्ट टाकतो आणि घराकडे येतो. आत घेतलं नाहीत तर अंगणात बसून राहीन. या वेळी पळणार नाही.

नित्या, गड्या, लय उशीर केला मी. तुला अखेरचा रामराम.