तार ताणून धरा

“तार ताणून धरा, साहेब. ढिली पडली की वळण बिघडतंय.”

समोर प्राचार्य असोत, नाहीतर देणगी द्यायला आलेला बागायतदार, मामा त्याच्या हातात तारेचं टोक द्यायचे आणि हेच म्हणायचे. तालुक्याच्या कॉलेजात शिपायाला मामाच म्हणतात, तुम्हीही म्हणाला असाल. आमचे मामा मैदानाचे शिपाई. कोपरापर्यंत फक्कीनं पांढरे झालेले हात, आणि पांढरी रेषा मारताना एक डोळा मिटलेला. मध्ये खुंटी, खुंटीला तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस, आणि त्या माणसाच्या मागोमाग फक्की सोडत चाललेले मामा. दोरी का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “दोरी वढली की लांबती. तार खोटं बोलत न्हाई.”

मी त्याच कॉलेजात शिकणारी, पत्रकांच्या घरात वाढलेली मुलगी. वडील संघटनेतले, त्यामुळे आमच्याकडे वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. कॉलेजनं मैदानासाठी देणग्या मागायला सुरुवात केली तेव्हा माझं रक्त तापलं. मैदान सरकारनं द्यायचं, श्रीमंतांच्या दारात जाऊन मागायचं नाही, असं माझं मत होतं. ते आजही आहे.

पण मैदान हवं होतं, हेही खरंच. आमचं जुनं मैदान चौकोनी. रस्त्याकडच्या अंगाला पोरांना जवळजवळ काटकोनात वळावं लागायचं. घाटघरची एक मुलगी आमच्या कॉलेजात होती, चढावर हरणासारखी पळायची. पुण्याला विद्यापीठाच्या स्पर्धेत ती सरळ रेषेत सगळ्यांच्या पुढं होती, आणि वळण आलं तशी समोर भिंत असल्यासारखी मंदावली. सहावी आली.

“तिचा काय दोष?” मामा म्हणाले. “आपल्या मैदानाला कोपरा हाय, वळण न्हाई. पोरगी कोपरा घ्यायला शिकली.”

तिचं शेवटचं वर्ष उरलं होतं. पुढच्या स्पर्धेआधी पुरं वळण झालं नाही, तर तिच्यासाठी ते कधीच होणार नव्हतं.

देणगी समिती शाल-नारळ घेऊन घरोघरी फिरत होती. लोक चहा पाजायचे आणि “बघू” म्हणायचे. पण जे मैदान बघायला येत आणि मामांच्या तावडीत सापडत, ते काही ना काही देऊनच जात. जुन्नरच्या पेठेतले एक कापडाचे व्यापारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. मामांनी त्यांनाही टोक दिलं. शेटजी अर्धं वळण चालले, धोतर फक्कीनं भरलं.

“पांढऱ्यावर पांढरं, शेट. दिसत न्हाई,” मामा म्हणाले.

शेटजी हसत सुटले. जाताना मैदानावर पाणी मारायची टाकी आणि पाईप कबूल करून गेले.

“मामा, हे तुम्ही मुद्दाम करता ना?” मी विचारलं.

“मुद्दाम कसलं, पोरी? दुसरं टोक धरायला मानूस नको का?”

आणि मग गॅलरी आली. पिंपळवंडीचे एक गृहस्थ पुण्यात बिल्डर झाले होते. त्यांनी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, नावानं प्रेक्षक गॅलरी देऊ केली. समिती हरखली. मैदानाला देणगी मागावी तर लोक इमारत देतात, कारण इमारतीला भिंत असते आणि भिंतीला फलक लागतो. गॅलरी रस्त्याच्या बाजूला हवी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव दिसावं म्हणून. म्हणजे नेमकी वळणाच्या जागेवर. “धावपट्टी जरा आखडती घेऊ,” प्राचार्य म्हणाले.

मी रागानं पत्रक लिहिलं. ‘मैदान कोणाचं? पळणाऱ्यांचं की फलकांचं?’ ते बिल्डरसाहेब येणार त्या सकाळी गठ्ठा घेऊन मी फाटकात उभी राहिले.

मामांनी मला हाक मारली. “आधी हिकडं ये. खुंटी हलतीया, दोन्ही हातांनी दाबून धर.”

मी गठ्ठा गुडघ्याखाली दाबला आणि खुंटी धरली. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. मामांनी तारेचं टोक सरळ त्यांच्या हातात दिलं. मला सोडता येईना, त्यांना सोडता येईना. पत्रकवाली आणि देणगीदार एका तारेला बांधले गेले.

साहेब चालू लागले. इंजिनिअरनं गॅलरीच्या चार कोपऱ्यांना लाल झेंडे रोवले होते. तार त्यांना हळूहळू त्या झेंड्यांच्या आत घेऊन गेली. साहेब थांबले.

“मामा, मी तर गॅलरीत आलो.”

“व्हय. तार ताणून धरा. अजून वळण संपलं न्हाई.”

ते पुरं वळण चालले. मागं वळून पाहिलं, तर गॅलरीच्या पोटातून पांढरी रेषा गेली होती. एका श्वासात काढल्यासारखी, कुठंही न अडखळलेली. पाचवीनंतर शाळा सोडलेल्या माणसानं एका तारेवर काढलेलं ते वळण पाहून माझे हात खुंटीवरच थिजले.

साहेबांबरोबर आलेले प्राचार्य, देणगी जाईल या धास्तीनं, घाईनं म्हणाले, “मग असं करू, आबांचं नाव धावपट्टीवरच लिहू. सुरुवातीच्या रेषेपाशी, मोठ्या अक्षरांत.”

साहेबांचा चेहरा उतरला. “बापाचं नाव पायाखाली घालू? काय बोलताय राव!”

मामा उकिडवे बसले आणि जमिनीवरची फक्की बोटानं सारखी करू लागले.

“आबा घरात जास्त असायचे का रानात, साहेब?”

“रानातच. चप्पल सुदिक घालायचे न्हाईत.” साहेबांच्या तोंडून पुण्याची भाषा गळून गावाची आली.

“तुमच्या टेकाडावरचा मुरूम लई चिवट हाय म्हणं.”

“हाय की. आबांनी जलमभर तोच खणला. तिथंच रान केलं.”

“मग तो द्या. सरळ पट्टीला कुठलाबी चालतो. वळणावर पाय दाबून पडतो, तिथं चिवटच लागतो. नाव ऱ्हाऊ द्या, आबाच या वळणात येऊ द्या.”

साहेबांनी स्वतःच्या हातानं जवळचा लाल झेंडा उपटला. जाताना माझ्या गुडघ्याखालून एक पत्रक ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं.

“तू लिव्हलंस?”

“हो.”

“चांगलं झोडलंय गं,” म्हणाले आणि घडी घालून खिशात ठेवलं.

पिंपळवंडीहून ट्रॉल्या आल्या. मामांनी थरावर थर दिले, रोज पाणी मारलं, रोलर फिरवला. घाटघरची मुलगी त्यावर तीन महिने पळाली. आणि त्या वर्षी आमच्याच मैदानावर विद्यापीठाच्या स्पर्धा भरायच्या दोन आठवडे आधी मामा निवृत्त होऊन कळंबला मुलाकडे गेले. निमंत्रणपत्रिकेत अकरा मान्यवरांची नावं होती. मामांचं नव्हतं. त्यांना बोलवायचं कोणाला सुचलंही नाही. मी प्राचार्यांशी भांडले. भांडण रीतसर ऐकून घेतलं गेलं.

मामा मला शेवटचे दिसले ते स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिल्या एसटीनं आले होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते वारले. त्या सकाळी ते कोणाशी न बोलता थेट वळणावर गेले आणि वाकून जमिनीकडं बघत चालू लागले. मुरमात पावलं उमटली होती. बाकीच्यांचे बूट होते, अनवाणी पावलं घाटघरच्या त्या एकटीची. मामा दोन पावलांमधलं अंतर स्वतःच्या पायानं मोजायचे, पुढं जायचे, पुन्हा मोजायचे. वळण सुरू झालं तिथं, मधोमध, संपलं तिथं.

“सारखंच हाय,” ते म्हणाले. “कुठंबी मंदावली न्हाई.”

“मामा, ती दुसरी आली.”

“आसंल,” ते म्हणाले. त्यांना ते विचारायचंच नव्हतं.

नवा शिपाई रोलर ओढत येत होता. मामांनी हात वर करून त्याला थांबवलं. “आजच्या दिस ऱ्हाऊ दे, भाऊ.” मग रेषेच्या बाहेरून, त्या पावलांवर पाय पडू न देता, ते सावकाश फाटकाकडं चालत गेले.