एक्स-रेच्या वर्गातली एक जागा

नातवंडांनो, तुमच्यातली थोरली सध्या सोनोग्राफीच्या प्रवेशाची तयारी करते आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या नगर जिल्ह्यात सोनोग्राफी हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. मला शिकायचा होता एक्स-रे. मी राहुरीची, इंटर सायन्स झालेली. नगरच्या एका रुग्णालयात एक्स-रेचा वर्ग चाले आणि त्यात एकच जागा उरली होती, तीही लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन भरायची होती. ती हुकली तर शाळेत शिकवायचे, असे वडिलांनी ठरवून टाकले होते. मला शिकवायचे नव्हते.

सकाळी इंग्रजी पुस्तकातली हाडांची नावे, दुपारी विजेचे धडे आणि संध्याकाळी चुलतीला भिंतीशी उभी करून छातीच्या फोटोची तालीम. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास धरा. ती बिचारी धरून ठेवायची आणि मग म्हणायची, "सोडू का गं आता, का वरच धाडतीस मला?"

लेखी परीक्षा मला सोपी गेली. प्रात्यक्षिकाला तिथल्या एका आयाबाईंनाच रुग्ण म्हणून उभे केले होते. माझ्या आधीच्या मुलाने त्यांना मंगळसूत्र काढायला सांगितले. छातीवर धातू नको, हे त्याचे बरोबरच होते. पण बाईंनी पदर घट्ट ओढला आणि न्हाई जमायचं म्हणाल्या. त्याचे घोडे तिथेच अडले.

माझी पाळी आली. मी ट्रेमधल्या बँडेजचा लांब तुकडा फाडून आधी बाईंच्या गळ्यात बांधला. मंगळसूत्र तुटले, तर ते ओवून होईपर्यंत आमच्याकडे बायका गळ्यात दोरा बांधतात. गळा क्षणभरही रिकामा ठेवत नाहीत.

"मावशी, आता काढा."

त्यांनी पट्टी चाचपून पाहिली. "मालकांनी बघितलं तर म्हणतील, गळा कापला का काय हिचा," असे पुटपुटत त्यांनी मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिले.

परीक्षा घेणाऱ्या डॉक्टरांनी इंग्रजीत विचारले, हे कोणत्या पुस्तकात आहे? मीही इंग्रजीतच उत्तर दिले, की धातू काढा एवढेच पुस्तकात आहे, कसा काढायचा ते नाही. आणि सुती पट्टीची सावली फोटोत अडचण करण्याइतकी पडत नाही. मग मी बाईंना नीट उभे केले, त्यांची हनुवटी एक्स-रेच्या स्टँडवर टेकवली आणि श्वास धरायला सांगितले.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले.

"आधी त्यांचं मंगळसूत्र त्यांना परत द्या," ते मराठीत म्हणाले, "आणि सोमवारी वर्गाला या."