‘क’च्या रांगेतलं ताईचं नाव

“माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही” या वाक्याने सुरू होणारे अनुभव मी या सदरात बरेच वाचलेत. दर वेळी मनात म्हटलंय, मग लिहिता कशाला? आज मलाही तेच वाक्य लिहावं लागतंय. माझा खरंच नव्हता. आमच्या घरात कुणाचाच नव्हता.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालंय, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या. मी फारशी कुणाशी बोलत नाही. पुढे जे सांगतेय, ते आजवर फक्त बाबांना माहीत होतं.

आम्ही अमरावतीला, अंबापेठेत राहतो. तळमजला, समोरच्या खोलीत कॉम्प्युटर, त्याच्याच बाजूला बाबांची पोथ्यांची फळी. बाबा भिक्षुकी करतात. लोकांना वाटतं, भटजींच्या घरात भुताखेतांच्या गोष्टी चालत असतील. बाबा हसून म्हणायचे, “भुतं आमच्या खात्यात येत नाहीत. आमच्याकडे फक्त टाइमटेबल असतं.”

ते खरंच होतं. कुठल्या घरी कुणाची तिथी कधी, हे सगळं बाबांच्या वह्यांमध्ये होतं. वलगाव, तिवसा, आजूबाजूची खेडी… मी बी.ए. होऊन एका कॉलेजच्या लायब्ररीत लागले, तेव्हा बाबांना स्मार्टफोन घेतला आणि त्या वह्या एका सुट्टीत त्यात उतरवून दिल्या. सगळं एकाच अकाउंटवर. बाबांचा फोन, माझा फोन, घरचा कॉम्प्युटर — एका ठिकाणी बदल केला की तिन्हीकडे दिसायचा. पासवर्ड मला एकटीला माहीत होता.

बाबांची एक पद्धत होती. यजमान गेला तरी त्याचा नंबर पुसायचा नाही, कारण फोन पुढे बायको किंवा मुलगा वापरतो. नुसतं नावाच्या आधी ‘कै.’ लावायचं आणि खाली नोंदीत तिथी लिहायची. ही पद्धत एका चुकीतून आली होती. एकदा एका घरून फोन आला. बाई बोलत होत्या, आणि बाबा नाव बघून म्हणाले, “मालकांना द्या ना जरा.” मालक महिन्याभरापूर्वी गेले होते. बाबांना ते फार लागलं.

तर ‘कै.’ लागलं की ते नाव आपली जागा सोडून ‘क’च्या रांगेत जायचं. त्या वर्षांत ती रांग लांबत चालली होती. पूर्वी तिथे म्हातारी माणसं असायची. आता बाबा खेड्यावरून परत यायचे, चपला काढता काढता फोन माझ्याकडे द्यायचे, “कै. लाव,” एवढंच म्हणायचे आणि जेवायला नको म्हणायचे. माणसाचं वय विचारायचं नाही, हे मला कळायला लागलं होतं.

कॅलेंडरचं काम वेगळं. तिथी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते, आणि कॅलेंडरला फक्त इंग्रजी तारीख कळते. म्हणून पाडव्याला नवीन पंचांग आलं की बाबा तिथी वाचायचे आणि मी एकेक तारीख हाताने टाकायचे. दोन दिवस जायचे त्यात. हे लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट वानखडे सरांची. वलगावचे रिटायर्ड शिक्षक, एकदम ठणठणीत. त्यांच्या बायकोचं श्राद्ध बाबा करायचे. एका दुपारी बाबांनी मला सरांना फोन लावायला सांगितलं. ‘व’मध्ये नाव सापडेना. वर गेले तर ‘क’च्या रांगेत होतं — कै. वानखडे सर, वलगाव. खाली नोंद : आषाढ वद्य नवमी.

“बाबा, वानखडे सर गेले?”

“काही काय बोलून राहिली? सकाळीच बोललो त्यांच्याशी. जिवंत माणसाच्या नावाला ते लावतेस? काढ आधी.”

मला वाटलं, त्यांच्या बायकोचं नाव टाकताना माझ्याच हातून झालं असेल. मी ‘कै.’ काढलं, नोंद पुसली. मग कॅलेंडर उघडलं. ‘तिथी : वानखडे सर’ तिथेही होतं, बरोबर नऊ दिवसांनी. तेही काढलं. तिन्हीकडे बघितलं. गेलं होतं.

चार दिवसांनी सर स्वतः घरी आले. खुर्चीत बसले, बशीत चहा ओतून प्यायले. मी दारात उभी होते. मला त्यांच्यावरून नजर काढता येईना.

“काहून वं माय, अशी पाहून राहिली माह्याकडं? शिंगं निघाले का मले?”

मी मान हलवली. सर बाबांना म्हणाले, “महाराज, तुमची पोरगी बोलत नाही म्हणून बरं हाय. माही सून पाहा, रेडिओ हाय रेडिओ. बंद कराचं बटनच नाही त्याले.”

नवमीला मी मुद्दाम सुट्टी घेतली. सकाळी बाबा पूजेला बसले होते आणि त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं… कै. वानखडे सर.

मी पुसलेलं. चार-पाच वेळा खात्री केलेलं.

मी फोन उचलला. सरांची सून होती. “महाराजांले सांगा जी… मामाजी आंघोळ करून बसले होते, आन् तसेच…” पुढे तिला बोलता आलं नाही. जिला बंद करायचं बटण नव्हतं, ती.

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक सर होते. मी त्यांना सरळ न सांगता विचारलं, की पुसलेली गोष्ट परत कशी येते? ते म्हणाले, “कुठल्या तरी यंत्रात जुनी कॉपी राहते. दोन ठिकाणी वेगवेगळी माहिती असली की सिंक शेवटचा बदल खरा धरतं.” मी मान डोलावली. पण ती पहिल्यांदा आली कुठून, हे त्यांना कसं विचारणार?

त्यानंतर सहा-सात महिने काही झालं नाही. मी रोज सकाळी ‘क’ची रांग बघायचे, तेही हळूहळू सोडून दिलं.

मग माघात, एका गुरुवारी दुपारी, लायब्ररीत पुस्तकं लावत होते आणि माझा फोन थरथरला. स्क्रीनवर — कै. ताई.

माझी सख्खी बहीण. अकोल्याला, जठारपेठेत सासर. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी फोन हातात धरून नुसती उभी राहिले. वाजून वाजून बंद झाला. परत वाजला. माझ्या मनात वानखडे सरांची सून होती… त्या नंबरवरून भाऊजींचा आवाज येईल, असं मला वाटलं. तिसऱ्यांदा उचलला.

“झोपली होतीस का गं छोटी? कधीची फोन लावून राहिली मी.” ताईच होती. हसत होती. “आईची लोणच्याची बरणी माझ्याकडे राहिली, तेवढं सांग तिला.”

मी हो म्हटलं. नोंद उघडली. माघ वद्य पंचमी. कॅलेंडरमध्ये : ‘तिथी : ताई’. पुढचा बुधवार. शेवटचा बदल त्याच गुरुवारी, सकाळी अकरा चाळीसला झालेला.

अकरा चाळीसला आमच्या भागात लोडशेडिंग असायचं, म्हणजे कॉम्प्युटर बंद. बाबांचा फोन आदल्या रात्रीपासून दुरुस्तीच्या दुकानात, बॅटरी काढून ठेवलेला. माझा तेव्हा माझ्या पर्समध्ये, पर्स लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली माझ्या हातात; जेवणाच्या सुट्टीतच मी तो बाहेर काढला होता. कुठल्याच यंत्रावरून तो बदल झालेला नव्हता.

घरी येऊन मी बाबांना कॉम्प्युटरवर दाखवलं. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मी माउस हातात घेतला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“सरांचं तू पुसलं होतंस ना?”

“हो.”

“मग हात लावू नकोस.”

“बाबा, म्हणजे ते…”

“मला माहीत नाही. काहीच माहीत नाही. तू अकोल्याला जा. तिला काही सांगू नकोस आणि एकटी सोडू नकोस.” बाबांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आईला त्यांनी सांगितलं, छोटीला परीक्षेचा फॉर्म भरायचाय अकोल्याला.

मंगळवारी बसने गेले. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. ताईला आनंद झाला, आणि शंकाही आली. “तू? स्वतःहून? काय गं, कुणी मुलगा-बिलगा आहे का अकोल्यात?”

बुधवारी पहाटेपासून मी तिच्या मागे मागे होते. ती गॅस पेटवायची, मी नळी बघायचे. ती जिना उतरायची, मी दोन पायऱ्या पुढे. भाऊजी डबा घेऊन निघाले, आणि ताई वैतागली. “छोटी, शेपूट लावल्यासारखी काय फिरून राहिली? बस ना एका जागी.”

मी बसले. बाथरूमच्या दाराशी बसले.

लाइट गेलेली होती. बादलीत पाणी तापवायची सळई लावलेली. ताईने आत जाऊन नेहमीसारखं पाणी कितपत तापलं ते बघायला हात पुढे केला. आपल्याकडे सगळे तेच करतात. लाइट नाही म्हणजे सळईत करंट नाही, बटण कोण बंद करतं? मी उठले आणि तिला मागे ओढलं. जोरात ओढलं. ती दारावर आपटली, कोपर फुटलं. “वेडी झालीस का?” असं ती म्हणत होती, तेवढ्यात पंखा फिरायला लागला.

बादलीतल्या पाण्यातून आवाज यायला लागला.

मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अकरा चाळीस.

आता खरं सांगते — ती सळई खराब होती की नव्हती, मला माहीत नाही. लाइट येताना पाण्यात हात असता तर काय झालं असतं, तेही नक्की सांगता येत नाही. कितीतरी लोक असे हात घालतात आणि रोज जेवायलाही बसतात. मी ती सळई त्याच दिवशी बाहेर टाकून आले. रात्री झोपेपर्यंत मी ताईचा पदर सोडला नाही. तो दिवस गेला. ताईला काही झालं नाही.

मला वाटलं, आता ते आपोआप जाईल. गेलं नाही. आणि मी पुसलंही नाही. सरांचं पुसलं आणि सर गेले. ताईचं ठेवलं आणि ताई राहिली. यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. तरी ती नोंद पुसायला माझा हात होत नाही.

पाडव्याला नवीन पंचांग आलं. बाबा वाचत होते, मी टाकत होते. पुढच्या वर्षीच्या माघावर आलो. मी तारीख उघडली आणि तिथे आधीच होतं : ‘तिथी : ताई’. आम्ही दोघांनीही ते टाकलेलं नव्हतं. बाबांनी पंचांगातल्या ओळीवर बोट ठेवलं, तारीख पडताळली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि पंचांग मिटलं. त्या दिवशी उरलेलं काम आम्ही केलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी ते येतं. तारीख बदलते, तिथी चुकत नाही. जे काम मला हाताने करायला दोन दिवस लागतात, ते या एका नावापुरतं कुणीतरी करून ठेवतं. आणि दर वर्षी त्या दिवशी मी अकोल्याला असते. ताईला वाटतं, हे माझं प्रेम. ती पुरण घालते. तिला मुलगी झाली, मनू. ती त्या दिवसाला ‘मावशीचा दिवस’ म्हणते आणि शाळा बुडवते. तिथे असताना मी माझा फोन पालथा ठेवते.

गेल्या महिन्यात ताई माहेरी आली होती. बाजारातून तिने मला फोन लावला, आणि माझा फोन मनूच्या हातात होता. ती वाचायला शिकलीये आता.

“मावशी, आईच्या नावापुढे हे कै. म्हणजे काय?”

माझ्या तोंडाला येईल ते मी बोलले. “खूप जवळच्या माणसाच्या नावापुढे लावतात ते.”

तिला पटलं. ती खेळायला गेली. मी सुटले असं मला वाटलं.

हे सगळं लिहायला बसले ते परवाच्या फोनमुळे. ताईचा होता. हसू आवरत नव्हतं तिला.

“छोटी, मनूनं माझ्या फोनमध्ये तुझं नाव काय करून ठेवलं माहितीये? कै. मावशी. म्हणते, तूच सांगितलं. भटजीच्या नातीला असं शिकवतात का? थांब, काढून टाकते.”

“नको.” मी एवढ्या मोठ्याने कधी बोलत नाही. “ताई, हात लावू नको त्याला.”

मला माहीत होतं की हे मनूने केलंय. या एका गोष्टीचं तरी स्पष्टीकरण माझ्याकडे होतं, बाकी कशाचंच नाही, इतक्या वर्षांनंतरही नाही. तरीही मी विचारलं.

“नावाच्या खाली, नोंदीत काही लिहिलंय का? तेवढं बघून सांग.”

ती उघडून बघत होती. मागे मनू काहीतरी गुणगुणत होती.

“रिकामं आहे,” ताई म्हणाली. मग वेगळ्याच आवाजात, “काय असायला पाहिजे होतं त्यात?”

पंचमी येत्या मंगळवारी आहे. मी तिला सांगितलं, आल्यावर बोलू. तोवर रोज सकाळी एकदा उघडून बघत जा.

तिने का म्हणून विचारलं नाही. ती बघते. रोज सकाळी तिचा फोन येतो — माझ्या स्क्रीनवर कै. ताई उमटतं, मी उचलते, आणि ती फक्त एवढंच म्हणते, “रिकामं आहे.”