आधीच मानलेले आभार

सिंगापूरमध्ये नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात मी मॅमोग्राफी करते, म्हणजे बायकांच्या छातीचे एक्स-रे काढते. चर्चच्या टीमसोबत पॅसिफिकमधल्या त्या बेटावर मी गेले, ती मात्र चष्मे वाटायला. आमचं चर्च दर वर्षी तिथे एक टीम पाठवायचं. एक डेंटिस्ट, एक डॉक्टर, मुलांना बायबलच्या गोष्टी सांगणारे दोघंतिघं आणि माझ्यासारखी पडेल ते काम करणारी माणसं.

सासूबाई तेव्हा नगरहून बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी गावोगाव देवाचं वचन सांगितलेलं. मी मिशनला चाललेय म्हटल्यावर त्या घरी बसणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, तिथं बोट लागते, ऊन असतं, तुमचे गुडघे दुखतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी बॅगेत रवा, तूप आणि वेलदोडे भरले. नवरा म्हणाला, जाऊ दे गं, आई आनंदात आहे. मी हात टेकले.

बेटावर पोचल्यावर आमचा निम्मा तोरा उतरला. आम्ही गिटार घेऊन गाणी शिकवायला उभे राहिलो, तर ते लोक नुसत्या गळ्यानं चार आवाजांत असे गायले की आमचा गिटारवालाच गप्प बसला. प्रार्थनाही आमच्यापेक्षा त्यांचीच जास्त. दुखऱ्या दातांचा आणि चष्म्यांचा तेवढा उपयोग झाला.

आम्हा दोघींची सोय एका विधवा बाईंच्या घरी होती. सासूबाईंच्याच वयाच्या, अंगानं भरलेल्या, हसऱ्या. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण पहिल्याच सकाळी सासूबाई त्यांच्याशेजारी बसून नारळ किसायला लागल्या, आणि मग दिवसभर एक मराठीत बोलायची, दुसरी तिच्या भाषेत. मला हसू यायचं. थोडा हेवाही वाटायचा, कारण माझ्याशी त्या इतक्या मोकळ्या कधी बोलल्या नव्हत्या.

आंघोळीच्या आडोशाला एकदा त्या बाईंनी मला खुणेनं बोलावलं आणि माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. हाताला गाठ लागली. दगडासारखी घट्ट, जागची न हलणारी, आणि वरची कातडी आत ओढलेली. मशीन नव्हतं, पण मला मशीनची गरज नव्हती. हा कॅन्सरच.

आमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांनाही तेच वाटलं. मग मात्र सगळे धावले. डॉक्टरांनी फोनाफोनी करून राजधानीच्या हॉस्पिटलात सर्जनशी बोलणं केलं. आमच्या परतीच्या बोटीत बाईंसाठी जागा ठेवली. तिथल्या चर्चच्या पाळकांनी त्यांना सगळं समजावलं. त्या घाबरल्या, रडल्या, आणि येते म्हणाल्या. त्यांच्या सुनेनं कपड्यांचं गाठोडंसुद्धा बांधलं. इतके दिवस चष्मे वाटून जे समाधान मिळालं नव्हतं ते मला त्या संध्याकाळी मिळालं.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी बॅगेतला रवा काढला. आमच्या घराण्यात उपकारस्तुती आधी करतात. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी, ऑपरेशनच्या आधी, चार लोकांना बोलवायचं, देवाचे आभार मानायचे आणि शिरा वाटायचा. काम झाल्यावर कुणीही आभार मानतो, त्यात कसला विश्वास, असं माझे सासरे म्हणायचे म्हणे. माझ्या लग्नाआधी नवऱ्याला नोकरी लागली तेव्हाही शिरा आधी झाला होता, नेमणूक नंतर. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट इतक्या लांब आपल्या घरचा वास सुटला म्हणून बरंच वाटलं.

अख्खी वाडी जमली. सासूबाईंनी त्या बाईंच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली. या बहिणीला तू बरं केलंस म्हणून तुझे उपकार मानते, असं पुनःपुन्हा म्हणाल्या. मी इंग्रजीत सांगितलं, पाळकांनी त्यांच्या भाषेत. लोक एकदम गप्प झाले. मग गायला लागले, आणि कितीतरी वेळ गात राहिले. बाईंनी शिरा दोन्ही हातांत घेतला, खाल्ला आणि सुनेला भरवला. सून हमसून हमसून रडत होती. मला वाटलं, उद्याच्या काळजीनं.

सकाळी त्या धक्क्यावर आल्या त्या आम्हाला निरोप द्यायला. हातात गाठोडं नव्हतं.

मी पाळकांना विचारलं. त्यांनी मला जरा बाजूला नेलं. त्यांच्याकडे, ते म्हणाले, आभाराचं जेवण काम पुरं झाल्यावरच होतं. घर उभं राहिल्यावर, बोट सुखरूप परतल्यावर, आजारी माणूस उठल्यावर. एकदा ते जेवण झालं की तो विषय संपला. त्यानंतर त्याच गोष्टीसाठी पुन्हा खटपट करणं म्हणजे देवाला खोटं पाडणं.

मी म्हटलं, पण तुम्हाला तर माहीत आहे गाठ तशीच आहे. तुम्ही सांगा ना त्यांना.

"मी पाळक आहे," ते म्हणाले. "सगळ्या गावानं देवाचे आभार मानलेत. आता दवाखान्यात चला, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?"

त्यांचा राग यावा असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. डॉक्टर बोलले, मी बोलले, आमचा टीम लीडर बोलला. बाई हसून मान हलवत राहिल्या. तिकडे बोटवाला ओहोटीच्या नावानं ओरडत होता. मी तशीच सासूबाईंकडे गेले आणि काय झालंय ते त्यांना सांगून टाकलं. आवाज चढवूनच सांगितलं. तुमच्या शिऱ्यामुळे, असंही म्हणाले असेन.

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग त्या दुखऱ्या गुडघ्यांवर जवळजवळ पळत गेल्या आणि बाईंचे दोन्ही हात धरले. "चल गं बाई," त्या मराठीत म्हणत होत्या, "माझं चुकलं, तू चल." ओढत होत्या अक्षरशः. बाईंना वाटलं, यांना निरोप घेणं जड जातंय. त्यांनी सासूबाईंना जवळ घेतलं, झग्याच्या टोकानं डोळे पुसले आणि पाळकांकडून निरोप सांगितला, की इतक्या लांबून येऊन तुम्ही माझ्यासाठी आभार मानलेत, ते मी परत कसे देऊ. घाबरू नका, तुमचा विश्वास मी मोडणार नाही.

मला तो निरोप मराठीत सांगावा लागला. बोट सुटली.

सिंगापूरला परतल्यावर सासूबाई फारशा बोलत नसत. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा नुकतंच सगळ्यांच्या हातात आलं होतं आणि बेटावर रेंज असली की पाळकांचा मेसेज यायचा. मी दर वेळी विनवायची, त्यांना पुढच्या बोटीनं तरी पाठवा. पाळक लिहायचे, त्या आनंदात आहेत, रविवारी गातात. मग लिहायला लागले, त्या बसूनच गातात. आमच्या डॉक्टरांनीही दोनदा प्रयत्न केला. विमानानं आणता येईल, खर्च चर्च करेल, असंही कळवलं. उत्तर एकच, त्या येत नाहीत. मी हॉस्पिटलात दिवसभर इतर बायकांना वेळेवर आलात म्हणून शाबासकी द्यायची आणि घरी येऊन फोनकडे बघत बसायची. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

सासूबाईंचा परतीचा दिवस जवळ आला असताना मेसेज आला. बाई गेल्या होत्या. शेवटी खूप दुखत होतं, तरी हॉस्पिटलचं नाव त्यांनी काढू दिलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या. माझ्या हातातला फोन बघूनच त्यांनी ओळखलं. बराच वेळ त्या जुडीतल्या काड्या बाजूला करत राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, "बोटीत बसली असती तर वाचली असती का गं?"

"सांगता येत नाही, आई," मी म्हणाले.

"तुला सांगता येतं," त्या म्हणाल्या.