साठ की सत्तर

विल्फ्रिदो कान्तियो सांगायचा, त्याच्या हेल्मेटात एक बाई राहते आणि ती दिवसभर गळा काढून रडते. त्याची बायको भांडी घासता घासता म्हणायची, "असू दे. जगात एक तरी बाई तुझ्यासाठी रडतेय."

आम्ही हसायचो. विल्फ्रिदो माझा पाद्रीनो, म्हणजे माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मला हातांवर घेऊन देवासमोर माझी हमी देणारा माणूस. एकोणीस वर्षं तो मोटरसायकलच्या मागच्या सीटवर गिऱ्हाईक बसवून कोलंबियातल्या आमच्या बारांकिया शहरभर फिरवतोय. डिसेंबरात समुद्राकडून वारा सुटतो तो मार्चपर्यंत थांबत नाही, आणि तेव्हा बदामाच्या झाडाखालच्या स्टँडवरचे सगळेच गाडीवाले वैतागलेले असतात. पण विल्फ्रिदोचं हेल्मेट म्हणजे नुसतं टोपलं. गालाशी दोन बोटं मोकळी, काचेचं रबर झडून गेलेलं, वर शोभेची प्लास्टिकची शेपटी. वारा आत शिरायचा आणि बाहेर पडायची वाट विसरायचा.

स्टँडवर कामाची एक रीत आहे. गिऱ्हाईक मागे बसतं, पत्ता गाडीवाल्याच्या मानेजवळ बोलतं, आणि गाडी सुटते. पत्ता दोनदा विचारणारा गाडीवाला नवशिका. एकदा मोनोने, म्हणजे त्यांच्यातल्या सगळ्यात वाचाळ माणसाने, एका बाईला पत्ता परत विचारला, तर वर्षभर सगळे त्याला "काय म्हणालात, सेन्योरा?" याच नावाने हाक मारत होते. विल्फ्रिदो कधी विचारायचा नाही. मान हलवायचा आणि निघायचा.

जानेवारीतल्या एका गुरुवारी एदेल्मिरा चारिस बाई त्याच्या मागे बसल्या. आमच्या वस्तीतल्या निम्म्या लोकांना बाईंनी पहिलीत शिकवलंय. विल्फ्रिदोलाही. वय शहात्तर, पाठ ताठ, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा होता. बाईंची मैत्रीण ओतिलिया त्या दिवशी मुलाकडे चिलीला चालली होती, कायमची. स्वतःचं घर विकून ती दोन आठवडे भाचीकडे राहिली होती, आणि भाचीचं घर बाईंनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"साठ नंबरचा रस्ता," बाई म्हणाल्या. "चव्वेचाळीसच्या कोपऱ्यावर."

आमच्या भाषेत साठ म्हणजे सेसेन्ता आणि सत्तर म्हणजे सेतेन्ता. मध्ये एकच अक्षर. विल्फ्रिदोने मान हलवली, सत्तर नंबरच्या रस्त्यावर बाईंना उतरवलं, पैसे घेतले आणि दुसरं गिऱ्हाईक गाठायला सुसाट निघून गेला.

त्या पत्त्यावर गाद्यांचं दुकान होतं. बाई डबा घेऊन पाऊण तास उन्हात फिरल्या, लोकांना विचारत. खरा पत्ता सापडला तोवर ओतिलियाची टॅक्सी विमानतळाकडे निघून गेली होती.

दुपारी बाई स्टँडवर आल्या. मी समोरच्या बेकरीत रांगेत उभी होते. बाईंचे बूट धुळीने पांढरे झाले होते.

"कान्तियो, मी तुला साठ सांगितलं होतं."

"सत्तर म्हणालात, बाई."

"साठ."

स्टँडवरचे बाकीचे गाडीवाले वळून बघू लागले. मोनोच्या ओठांवर काहीतरी तयार होत होतं, आणि ते विल्फ्रिदोने पाहिलं. मला त्याचा चेहरा अजून आठवतो. आधी गोंधळ, मग भीती, आणि मग एकदम एक गोड, समजूतदार हसू.

"बाई, मी या दोन कानांनी ऐकलंय. सेतेन्ता. होतं असं. वय होतं माणसाचं. माझ्या आईलाही शेवटी शेवटी आकडे सापडत नव्हते."

"मी अडतीस वर्षं आकडे शिकवलेत."

"म्हणून तर म्हणतो, बाई. आता जरा विश्रांती घ्या."

कोणीतरी हसलं. बाईंनी डबा तिथेच एका गाडीच्या सीटवर ठेवला आणि घरी गेल्या. गाडीवाल्यांनी वड्या खाल्ल्या. विल्फ्रिदोने खाल्ली नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते.

यानंतर तीन आठवड्यांत काय झालं ते सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. बाई एक वही घेऊन फिरू लागल्या. त्यात लिहायच्या, कुठे चाललेय, किती वाजता, परत यायचं कसं. किल्ली कुठे ठेवली. सांता मार्ताहून मुलगी इलियाना आली, तिने वही पाहिली, स्टँडवरची गोष्ट ऐकली आणि ती घाबरली. आई एकटी राहणार नाही, घर विकायचं, आईला आपल्याकडे न्यायचं, असं तिने ठरवलं. घराला गिऱ्हाईक शोधलं, ट्रकही ठरवला. ज्या बाई कोणाचं ऐकायच्या नाहीत, त्या म्हणाल्या, "बरं."

हे ऐकलं त्या दिवशी विल्फ्रिदो आमच्याकडे आला आणि कॉफीचा कप हातात धरून नुसता बसून राहिला.

"तुला त्या इंटरनेटवरचं कळतं," तो म्हणाला. "शांत हेल्मेट कुठलं, बघ. स्वस्तातलं."

"पाद्रीनो, बाई खरंच सत्तर म्हणाल्या होत्या का?"

त्याने कपात बघितलं. "त्या हेल्मेटात काही धड ऐकू येतं का? वारा केवढा होता."

"मग बाईंना सांगा ना."

"आधी हेल्मेट घेऊ दे. नवीन हेल्मेट आलं की असं परत होणार नाही. मग सांगायचं काय उरतं?"

 मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही, हेही इथे लिहायला हवं. त्याऐवजी मी हेल्मेटं शोधत बसले.

शहराच्या मध्यावर हेल्मेटांची एक अरुंद गल्ली आहे. तिथे नुरिस नावाच्या मुलीच्या दुकानात आम्ही गेलो. नुरिस माझ्याच वयाची, तोंडात च्युइंगम, कमरेला शिंप्यासारखा टेप.

"शांत हेल्मेट हवंय," विल्फ्रिदो म्हणाला.

"शांत म्हणजे? बायकोचा आवाज येऊ नये असं?"

"वाऱ्याचा येऊ नये. माणसाचा यावा."

"खिशात किती आहेत?"

"दोन लाख पेसो." म्हणजे त्याची चार दिवसांची कमाई, तीही दोन दिवस उपाशी राहून साठवलेली.

"दोन लाखांत वारा थांबत नाही, काका. थोडा दबकतो." तिने उडी मारून वरच्या फळीवर हात घातला.

विल्फ्रिदोने मात्र परस्पर एक लाल हेल्मेट उचललं होतं. त्यावर वाघाचा जबडा आणि मागे तीन पंख.

"ठेवा ते. हे दिसायला वाघ आणि आत लग्नाचा बँड. शेपूट, शिंग, पंख, सगळं वाऱ्याला धरून ठेवतं आणि तो ओरडतो. गुळगुळीत घ्या, अंड्यासारखं. भोकं कमी, आणि आहेत ती बंद करता येणारी. हे बघा, काचेच्या कडेला रबर गच्च बसतंय का. आणि हनुवटीखाली हा कापडी पडदा. खालून येणारा वाराच सगळ्यात हरामी."

"उकडेल की."

"उकडेल. गप्प बसण्याची किंमत असते थोडी."

मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. विल्फ्रिदोही हसला. नुरिसने एक राखाडी, अगदी साधं हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं, त्याचे गाल दाबले गेले आणि तो चिडलेल्या बाळासारखा दिसू लागला. तिने कोपऱ्यातला मोठा पंखा त्याच्या तोंडासमोर आणून पूर्ण वेगात सोडला.

"डावीकडे बघा. उजवीकडे. मान खाली. आता ओरडतंय?"

"गुणगुणतंय."

"गुणगुणलं तर चालतं. पण हे तुम्हाला जरा घट्ट आहे. सैल हेल्मेट म्हणजे शिट्टी, आणि फार घट्ट म्हणजे डोकेदुखी. थांबा, माप घेऊ."

तिने पंखा बंद केला. हेल्मेट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याच्या मागे जाऊन कपाळाभोवती टेप गुंडाळला आणि वाचला.

"सेसेन्ता."

"सेतेन्ता?" विल्फ्रिदो ओरडला. "सत्तर? अगं, हे डोकं आहे की कलिंगड?"

दुकान हसलं. मागचा एक जण म्हणाला, "भावा, सत्तर असेल तर हेल्मेट सोड, बादली घे."

"साठ म्हटलं मी," नुरिस म्हणाली.

"सत्तर म्हणालीस. मी या दोन कानांनी..."

तो थांबला. मीही हसायची थांबले. तोच सूर, तेच वाक्य. पंखा बंद होता. वारा नव्हता. हेल्मेट त्याच्या मांडीवर होतं आणि डोकं उघडं.

नुरिसने टेप त्याच्या डोळ्यांसमोर धरला, अंगठ्याचं नख साठावर. तिचं च्युइंगम थांबलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं तो मला नंतर म्हणाला.

"माझे बाबा वीस वर्षं ट्रकवर होते," ती त्याच्या समोर येऊन, ओठ मोठे हलवत म्हणाली. "आधी बारीक अक्षरं जातात, काका. कुठे स, कुठे त, कळेनासं होतं. दवाखान्यात तपासून घ्या. आणि आहे ते सांभाळायचं तर हेच हेल्मेट घ्या, एक माप मोठं. पडदा मी फुकट लावून देते."

विल्फ्रिदोचे कान लाल झाले होते. तो ते राखाडी हेल्मेट दोन्ही हातांत धरून बसला होता, आणि त्याला पैसे द्यायचं सुचेना, म्हणून त्याच्या खिशातून मी काढून दिले.

बाहेर तो फुटपाथच्या कडेला बसला. गल्लीत सगळे हॉर्न वाजवत होते.

"ट्रक कधी येणार बाईंचा?"

"शनिवारी."

"आज काय?"

"गुरुवार."

"त्यांनी मला आकडे शिकवले," तो म्हणाला. "बोटांवर. माझा हात धरून." मग उठला. "बस मागे."

बाई ओसरीवर खोक्यांमध्ये बसून भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळत होत्या. वही शेजारी, पेन्सिल दोरीने बांधलेली.

"कान्तियो आला," बाई म्हणाल्या. "वहीत लिहून ठेवू का? नाहीतर उद्या म्हणशील, आलोच नव्हतो."

"बाई, तुम्ही साठच म्हणाला होतात."

बाईंच्या हातातला पेला अर्धाच गुंडाळलेला राहिला.

"कधी कळलं?"

"खात्री आज झाली. पण तेव्हाच, तुम्ही झाडाखाली उभ्या होतात तेव्हाच मला वाटलं होतं. मला ऐकू येत नाही, बाई. डाव्या कानाने तर फारच कमी."

"आणि तू माझ्या डोक्यावर ढकललंस."

"हो."

"का?"

"पोरं हसली असती."

"कुठली पोरं?"

"स्टँडवरची."

"ती पन्नाशीची पोटं सुटलेली माणसं?"

"हो, बाई."

बाईंनी पेला खाली ठेवला. "तीन आठवडे मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी वार मोजतेय. गॅस तीन तीनदा बघतेय. माझ्या मुलीने मला अक्रोड दिलेत, बुद्धीला चांगले म्हणून. मला अक्रोड आवडत नाहीत, कान्तियो! आणि रोज मी ते चावतेय आणि विचार करतेय, उद्या काय विसरेन. नाव? हिचं नाव?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी खाली बघितलं. "ओतिलियाला मी निरोप देऊ शकले नाही, ते एक वेळ राहू दे. कान आहेत, चुकतात. पण मला वेडी ठरवून तू रात्री झोपलास?"

"झोपलो नाही नीट."

"ते मला नको सांगूस."

त्यांनी फोन उचलला, मुलीचा नंबर लावला. बघून नाही, तोंडपाठ. आणि फोन त्याच्या छातीवर ठेवला. "सांग तिला."

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, झाडापासून टेपपर्यंत, ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तसं मोठ्याने, म्हणून ते समोरच्या तीन घरांनीही ऐकलं. स्टँड कोपऱ्यावरच आहे. मोनो चालत चालत आला आणि कुंपणाशी थांबला, मागोमाग आणखी दोघं. मग पलीकडून इलियाना बोलायला लागली. विल्फ्रिदोने फोन उजव्या कानावरून डाव्यावर घेतला, परत उजव्यावर. त्याचे डोळे इकडेतिकडे फिरले. त्याने बाईंकडे बघितलं.

बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि वर्गात उत्तर वाचून दाखवावं तसं सांगायला लागल्या.

"ती म्हणते, तू भित्रा आहेस."

"हो."

"म्हणते, आपण आईच्या पाठीशी उभं राहायचं सोडून तुझ्यावर विश्वास ठेवला, याची तिला लाज वाटते."

"माझी वाटू दे म्हणावं."

"म्हणते, ट्रकवाल्याला आणि घर घेणाऱ्याला, दोघांना तू स्वतः जाऊन सांगायचंस. कारणासकट."

"जातो."

मोनोने तोंड उघडलं. बाईंनी नुसती मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि पन्नाशीच्या मोनोने तोंड मिटलं.

मग बाई बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.  फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"आता काय म्हणतेय, बाई?" विल्फ्रिदोने हळूच विचारलं.

"हे माझ्यासाठी आहे," बाई म्हणाल्या. "तू उभा राहा."

तो उभा राहिला, उन्हात, सगळ्यांच्या देखत, त्यांचं बोलणं संपेपर्यंत.